अश्वत्थामा जगतो, मग आजोबा का नाही?

प्रश्न : माझी नात चौथीत आहे. श्रावणात तिचे आजोबा गेले. तेव्हापासून ती अश्वत्थाम्याचीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावते आणि विचारते, "तो अजून जिवंत आहे, मग आपले आजोबा का नाहीत?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते आणि रात्री मलाच झोप लागत नाही. गोष्टींमधली अमर माणसं नेहमी दुःखीच का असतात? आणि ज्यांत मरण आहे अशी पुस्तकं एवढ्या लहान मुलीला द्यावीत का?
— एक आजी, बाळकुम, ठाणे

उत्तर : आजी, पुस्तकं जरूर द्या. नातीने मरण घरातच पाहिलंय. पुस्तकातलं मरण लपवलं म्हणून तिच्या मनातलं जाणार नाही. तिला त्याविषयी बोलायचंय आणि त्यासाठी तिने अश्वत्थामा निवडलाय. निवड चांगली आहे. फक्त ती गोष्ट अर्धी सांगू नका.

अश्वत्थाम्याला मिळाली ती शिक्षा होती. झोपलेल्या पोरांना त्याने रात्री मारलं, उत्तरेच्या पोटातल्या बाळावर अस्त्र सोडलं, म्हणून शाप मिळाला. सौप्तिकपर्वात त्या शापाची मुदतही दिली आहे : 3000 वर्षं. रक्तापुवाची दुर्गंधी अंगावर घेऊन, सोबतीविना, रानोमाळ भटकायचं आणि कुणाशी एक शब्द बोलायला मिळायचं नाही. मला त्यातलं हे शेवटचं कलम सर्वांत भयंकर वाटतं. लोकांनी पुढे त्याला सात चिरंजीवांत बसवलं, पण त्याची जखम काही बरी केली नाही. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंभ्याच्या डोंगरावर दिवाळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, आदिवासी तरुण जथ्याजथ्याने चढून जातात. तो तिथेच कुठेतरी आहे, जखमेवर घालायला तेल मागत फिरतो, अशी श्रद्धा आहे. नातीला हे सगळं सांगा आणि मग तिलाच विचारा, आजोबांना असं जगायला आवडलं असतं का?

अमर माणसं दुःखी का, याचं उत्तर इथेच आहे. एकटा थांबला आणि बाकीचे पुढे गेले, की त्याची माणसं एकेक करून तुटतात. अमेरिकी लेखिका नॅटली बॅबिट यांनी 1975 साली 'टक एव्हरलास्टिंग' ही मुलांसाठीची कादंबरी लिहिली ती याच गोष्टीवर. रानातल्या एका झऱ्याचं पाणी प्यायलेलं टक कुटुंब मरत नाही, वाढतही नाही. धाकटा जेसी कायमचा सतरा वर्षांचा. थोरल्या माइल्सचं लग्न झालेलं, मुलंबाळं झालेली. हा म्हातारा कसा होत नाही, याने सैतानाला आत्मा विकला असणार, असं वाटून बायको मुलांना घेऊन निघून जाते. दहा वर्षांच्या विनीला हे गुपित कळतं. जेसी तिला ते पाणी देऊनही ठेवतो, मोठी झालीस की पी म्हणतो. ती ते एका बेडकावर ओतते. पुढे ती मोठी होते, संसार करते आणि एक दिवस मरते. लेखिकेने तिचं थडगंसुद्धा दाखवलं आहे. तो शेवट वाचून दुखतं, पण विनीने चुकीचं केलं असं एकदाही वाटत नाही.

आपल्याकडे याहून धीट मूल आहे, नचिकेत. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसलेला मुलगा. पाहुणा उपाशी राहिला म्हणून यमालाच वाईट वाटतं, हे मुलांना फार आवडतं. मेल्यावर काय होतं, हे त्याने विचारल्यावर यम टाळाटाळ करतो. सोनं घे, हत्ती घे, हवं तितकं आयुष्य घे, पण हे विचारू नकोस. नचिकेत म्हणतो, ते सगळं संपणारंच आहे, तुझ्याकडेच राहू दे. नातीचा प्रश्न त्याच जातीचा आहे, तेव्हा तिला गप्प करू नका. आणि मरण असलेल्या पुस्तकांचं म्हणाल, तर 'श्यामची आई' 1935 सालचं आहे. त्यात आईचं मरण आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ते ओक्साबोक्शी रडत वाचलंय. चौथीतल्या मुलीला मात्र ते एकटीला वाचू देऊ नका. शेजारी बसा.

तुम्ही बाळकुमला राहता, खाडी जवळच आहे. ओहोटीला एकदा तिला तिवरांच्या कडेला न्या. पिवळं पडलेलं पान चिखलात पडतं, खेकडा ते ओढत बिळात नेतो. उरलेलं कुजतं आणि त्याच चिखलावर निवट्या आणि कोळंबी पोसतात. पावसाळ्यात तिवराची फळं गळतात, तेव्हा आतलं बी झाडावरच रुजू लागलेलं असतं. तिथे लगेच आजोबांचा विषय काढू नका. तिला खेकडा बघू द्या. जोडायचं ते ती आपणहून जोडेल, नाहीतर जोडणार नाही. दोन्ही चालेल.

एक मात्र टाळा. आजोबा झोपलेत किंवा गावाला गेलेत, असं सांगू नका. अशाने मुलं झोपेला घाबरतात, नाहीतर वाट बघत बसतात. आजोबा वारले, ते परत येणार नाहीत, एवढं सरळ सांगा. आणि रात्री तुम्हाला झोप येत नाही, हेही तिला कळू द्या. आठवण तुम्हा दोघींनाही येते. ती आली की एकमेकींशी बोला.