लहान-मोठीं कासवें एकत्र ठेवावीं काय ?

मराठींत 'कूर्मदृष्टि' असा एक सुंदर शब्द आहे. कासवी आपल्या पिलांस दूध पाजीत नाहीं, ती नुसत्या प्रेमळ दृष्टीनेंच त्यांचें पोषण करते, अशी जुनी समजूत असून संतांनीं ईश्वरी कृपेस ही उपमा वारंवार दिली आहे. उपमा म्हणून ती मनोहर आहे, यांत शंका नाहीं. परंतु उपमेस शास्त्र समजून चालल्यास काय होतें, याचा अनुभव आम्हांस घरींच आला. तो विद्यार्थिमित्रांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सादर करीत आहों.

आम्ही नव्या मुंबईंत सीवूड्स येथें राहतों. एकीकडे हार्बर मार्गावरील आगगाडी, दुसरीकडे पाम बीच रस्ता व त्यापलीकडे खाडी. मध्यें उंच उंच इमारती. अशा वस्तींत अंगण कोठून असणार ? म्हणून मुलांच्या आग्रहावरून आम्हीं एक कासव पाळलें होतें. कांहीं वर्षांत त्याचें कवच सहा इंच लांब झालें. "साहेब, एकट्यास करमत नाहीं, सोबतीस दुसरें न्या," असें एका दुकानदारानें सांगितल्यावरून दीड इंचाचें एक पिलूं आणून आम्हीं त्याच कांचेच्या पेटींत सोडलें. मोठें कासव लहानग्यास आईप्रमाणें सांभाळील, असें मुलें म्हणूं लागलीं, व आम्हींही मान डोलविली. पंधरा दिवस पिलूं कोपऱ्यांतून फारसें हाललें नाहीं. सोळाव्या दिवशीं सकाळीं पाहतों तों त्याची शेपटी अर्धी तुटलेली !

पशुवैद्यांनीं जखम धुऊन औषध लाविलें व एकच प्रश्न विचारला, "हीं दोघें एका पेटींत कोणीं ठेविलीं ?" आम्ही निरुत्तर झालों. त्यानंतर या विषयाचा जो अभ्यास केला, त्याचें सार पुढें देत आहों.

प्रथम मातृप्रेमाविषयीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें चिपळूणची 'सह्याद्री निसर्गमित्र' ही संस्था २००२ सालापासून समुद्रकासवांच्या घरट्यांचें रक्षण करीत आली आहे. तेथें ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्रीं किनाऱ्यावर येते, वाळूंत खड्डा करून अंडीं घालते, तीं झांकते, आणि समुद्रांत परत जाते. सुमारें दीड-दोन महिन्यांनीं पिलें बाहेर पडतात तेव्हां आई जवळ नसते. गोड्या पाण्यांतील कासवांचीही रीत याहून निराळी नाहीं. सारांश, मोठ्या कासवास लहान कासव हें आपलें लेंकरूं वाटत नाहीं. तें त्यास एक प्रतिस्पर्धी वाटतें, किंवा भक्ष्य वाटतें. एकटेपणाचें दुःखही त्यास नसतें. दुकानदाराचें वाक्य माणसास लागू होतें, कासवास नव्हे.

आमचीं कासवें 'लाल कानाचीं' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन जातीचीं आहेत. डोळ्यामागें असणाऱ्या तांबड्या पट्ट्यामुळें हें नांव पडलें. विकतांना तीं रुपयाएवढीं असतात. पण मादी दहा-अकरा इंचांपर्यंत वाढूं शकते, नर त्याहून लहान राहतो, आणि आयुष्य वीस-तीस वर्षांचें असतें. त्यामुळें एकाच दिवशीं आणलेलीं दोन पिलेंही पुढें सारखीं राहत नाहींत. जें थोडें मोठें, तें आधीं खातें. आधीं खातें म्हणून अधिक वाढतें. आणि अधिक वाढल्यावर दुसऱ्यास खाऊंच देत नाहीं. अंतरानेंच अंतर वाढत जातें.

भांडणाचीं कारणें मुख्यतः तीन. पहिलें अन्न. या जातीस पाण्यावांचून घास गिळतां येत नाहीं, म्हणून दोघें एकाच पाण्यांत एकाच घासावर तुटून पडतात. दांत नसले तरी जबड्याची शिंगासारखी कड धारदार असते, आणि हालणारी शेपटी किंवा पाय हा घासच वाटतो. दुसरें कारण उन्हाची जागा. कासवाचें रक्त स्वतः ऊब निर्माण करीत नाहीं. दगडावर चढून त्यास ऊन घ्यावें लागतें. त्या उन्हांतील अतिनील किरणांनींच शरीरांत 'ड' जीवनसत्त्व तयार होऊन चुना हाडांत व कवचांत मुरतो. मोठें कासव दगड अडवून बसलें कीं लहानग्याचें कवच मऊ पडूं लागतें. म्हणजे एक चावा न घेतांही मोठें लहानास मारूं शकतें. येथें आमची दुसरी चूक उघड झाली : ऊन बंद खिडकीच्या कांचेंतून येत होतें, आणि साधी कांच तेच किरण बहुतांशीं अडविते.

तिसरें कारण पाणी. कवचाच्या प्रत्येक इंचास सुमारें ४० लिटर पाणी असावें, असा पाळणाऱ्यांचा ठोकळ नियम आहे. सहा इंचांस २४० व दीड इंचास ६० मिळून ३०० लिटर. आमच्या पेटींत मावत होतें ८० लिटर! अरुंद जागेंत दुबळ्यास पळावयास वाट नसते, आणि मळानें पाणी लवकर दूषित होतें.

यावरून नियम असे निघतात. आकारांत स्पष्ट अंतर असलेलीं कासवें एकत्र ठेवूं नयेत. सारख्या आकाराचीं ठेवावयाचीं झाल्यास पाणी भरपूर, ऊन घेण्याच्या जागा दोन, व खाणें वेगवेगळें द्यावें. नवें कासव प्रथम कांहीं आठवडे निराळें ठेवावें. एकही चावा दिसतांच दोघांस कायमचें वेगळें करावें. कासवास हात लाविल्यावर साबणानें हात धुवावे; कारण त्याच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे रोगजंतु असूं शकतात. याच भीतीनें अमेरिकेंत १९७५ सालीं चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी झाली. आणि आपल्या देशांतील रानटी कासवें तर घरीं आणूंच नयेत; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तें निषिद्ध आहे.

"काका, मग मोठें कासव तळ्यांत सोडून देऊं या कां ?" असें मुलांनीं विचारलें. प्रश्न दयेचा होता, पण ती दया एकावर होऊन शेंकडोंवर क्रूरता झाली असती. ही परकी जात देशी कासवांचें अन्न व उन्हाच्या जागा बळकावते. जगांतील शंभर अत्यंत उपद्रवी परकीय जातींच्या यादींत तिचें नांव २००० सालींच आलें आहे. जें आपण घरीं आणलें, त्याचा भार आपणच वाहिला पाहिजे.

आतां आमच्या घरीं दोन पेट्या आहेत. दिवाणखान्यांतील एक खुर्ची त्यासाठीं काढावी लागली. पिलूं उघड्या खिडकींतील कोंवळ्या उन्हांत दगडावर निर्धास्त बसतें, व त्याचें कवच घट्ट होत आहे. शेपटी मात्र अर्धीच राहिली. पालीची तुटलेली शेपटी पुन्हां उगवते, कासवाची उगवत नाहीं. ती अर्धी शेपटी आम्हांस रोज आठवण देते कीं कूर्मदृष्टि कासवाजवळ शोधावयाची नसते. जो प्राणी पाळतो, त्याच्याच डोळ्यांत ती असावी लागते.