सर्व्हर पडला तरी सेवा अडू नये: काय करावे, काय टाळावे

23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्समधले सर्व्हर रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी डेटा कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरने, ताब्यात घेतले. नोंदणी, अपॉइंटमेंट, भरती, डिस्चार्ज सगळे कागदावर आले आणि जवळपास दोन आठवडे कागदावरच चालले. सरकारने संसदेत सांगितले की पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे 1.3 टेराबाइट डेटा अडकला आणि नेटवर्कची विभागणी नीट नव्हती. ई-हॉस्पिटलचा डेटा मात्र परत मिळाला, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता.

हल्ला रोखण्याची धडपड करायचीच. पण पाणीपुरवठा, वीज, रुग्णालय, बंदर किंवा तहसील कचेरी यांची खरी परीक्षा पुढच्या दोन प्रश्नांत आहे: संगणक बंद असताना लोकांचे काम किती होते, आणि गाडी रुळावर यायला किती वेळ लागतो?

करा: बॅकअप परत चढवून बघा. बॅकअप घेतो, असे सगळेच सांगतात. तो शेवटचा कधी परत चढवून पाहिला, हे विचारा. तिमाहीत एकदा वेगळ्या मशीनवर पूर्ण यंत्रणा उभी करा, किती तास लागले ते लिहून ठेवा आणि तो आकडा वरिष्ठांच्या सहीने फायलीत लावा. एक प्रत नेटवर्कपासून पूर्णपणे तोडलेली असू द्या. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले, तेव्हा आपल्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कंपनीच्या नेटवर्कची सूत्रे सांभाळणारे सर्व्हर जगभर पुसले गेले. एकच प्रत वाचली, तीही घानातल्या कार्यालयात त्या वेळी वीज गेलेली होती म्हणून. तिच्या आधाराने पुढच्या दहा दिवसांत सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. ती प्रत कोणी ठरवून वाचवलेली नव्हती. आपण ठरवून वाचवू शकतो.

टाळा: बॅकअपची हार्डडिस्क बारा महिने त्याच सर्व्हरला जोडून ठेवणे. सर्व्हरबरोबर तीही जाते.

करा: हाताने काम करण्याची सवय जिवंत ठेवा. या यादीतला हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 23 डिसेंबर 2015 रोजी युक्रेनमधल्या तीन वीज वितरण कंपन्यांवर हल्ला झाला. एका नियंत्रण कक्षात ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला आणि एकेक ब्रेकर उघडत गेला. माउस हलवून उपयोग होईना. लॉगआउट झाल्यावर पुन्हा आत शिरता येईना, कारण पासवर्ड बदललेला होता. ग्राहकांच्या तक्रारी पोचू नयेत म्हणून कॉल सेंटरवर खोट्या फोनचा मारा सुरू होता. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले, आणि तरीही काही तासांत वीज परतली. माणसे गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी ब्रेकर हाताने पुन्हा जोडले. जुने तंत्र त्यांच्या हातात होते, म्हणून ते जमले.

आपल्याकडे जलशुद्धीकरण केंद्रात आणि पंपहाऊसवर स्काडा ही संगणकीय नियंत्रण यंत्रणा आली, ते योग्यच झाले. पण कोणता व्हॉल्व्ह किती फेरे फिरवायचा, कोणत्या टाकीला किती वेळ पाणी सोडायचे, हे ज्या व्हॉल्व्हमनला तोंडपाठ आहे तो दोन-चार वर्षांत निवृत्त होईल. त्याच्याकडून ते आजच लिहून घ्या. जलवाहिन्यांचा नकाशा आणि महत्त्वाचे फोन नंबर छापून भिंतीवर लावा. सहा महिन्यांतून एक पाळी स्काडाचा पडदा झाकून चालवा. पहिल्या वेळी गोंधळ उडेल. तो सरावाच्या दिवशीच उडालेला बरा.

करा: कार्यालयाचे आणि यंत्रांचे नेटवर्क वेगळे ठेवा. 2019 मध्ये कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाच्या प्रशासकीय नेटवर्कवरच्या एका संगणकात मालवेअर सापडले. अणुभट्टीची नियंत्रण यंत्रणा त्या नेटवर्कला जोडलेली नव्हती, म्हणून तिला बाधा झाली नाही, असे प्रकल्प चालवणाऱ्या एनपीसीआयएलने सांगितले. पंपाचे नियंत्रण आणि ईमेल एकाच तारेवर असतील, तर आधी ती तार तोडा; बाकी खरेदी नंतर.

टाळा: साहेबांची डीएससी, म्हणजे डिजिटल सही, लिपिकाच्या खणात. डोंगल खणात, आणि पिन त्याच्यावरच चिकटवलेला. लिपिकाला बोल लावून उपयोग नाही. साहेब दौऱ्यावर असतात, बिले खोळंबतात आणि ओरडा त्याला खावा लागतो. पण ही कायद्याने मान्य झालेली सही आहे. उद्या चुकीच्या खात्यावर रक्कम गेली, तर सही कोणी केली हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. अधिकार सोपवायचे असतील तर लेखी आदेशाने सोपवा आणि त्या कर्मचाऱ्याची स्वतंत्र डीएससी काढा.

टाळा: बदली झालेल्यांची लॉगिन चालू ठेवणे. मे 2021 मध्ये अमेरिकेची कोलोनियल पाइपलाइन बंद पडली, ती बाहेरून नेटवर्कमध्ये शिरण्याच्या, वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून रॅन्समवेअरवाले आत आल्यामुळे. त्याला ओटीपीसारखे दुसरे कुलूप नव्हते. कार्यमुक्तीच्या आदेशावर जशी दप्तर सोपवल्याची नोंद असते, तशी खाते बंद केल्याचीही हवी. खंडणीबाबतही हेच प्रकरण बोलके आहे. कंपनीने सुमारे 44 लाख डॉलर मोजले, पण डेटा सोडवण्याचे मिळालेले साधन इतके संथ निघाले की शेवटी स्वतःचाच बॅकअप वापरावा लागला.

टाळा: ‘अपडेट नंतर करू’. वॉनाक्राय या रॅन्समवेअरने 12 मे 2017 रोजी ब्रिटनची अनेक सरकारी रुग्णालये ठप्प केली. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता. विंडोज 10 ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 पासून थांबली आहेत, तेव्हा कार्यालयातली किती मशीन त्यावर चालतात ते मोजा. सीटी स्कॅनसारख्या महागड्या यंत्राला जोडलेला जुना संगणक बदलता येत नसेल, तर त्याचे इंटरनेट काढा.

करा: ठेकेदाराला निविदेतच बांधा. जुलै 2024 मध्ये सी-एज या एका तंत्रज्ञान पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशाची डिजिटल पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने त्याची जोडणी तोडली. देशातल्या सुमारे 300 लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार थांबले, बँकांची स्वतःची काही चूक नसताना. हल्ल्याची खबर किती तासांत द्यायची, नोंदी कोणाच्या मालकीच्या, कंत्राट संपल्यावर डेटा कसा सोपवायचा, हे अटींमध्येच लिहा. दुरून संगणक चालवू देणाऱ्या एनीडेस्कने केव्हाही आत शिरायची मुभा कोणालाही देऊ नका.

करा: नोंदी जपा, घड्याळे जुळवा. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. पुढे राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटले. असे वाद नोंदींच्या आधारेच सुटू शकतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे या नोंदी, 180 दिवस ठेवणे आणि सगळ्या यंत्रणांची वेळ जुळवणे बंधनकारक आहे.

टाळा: घाबरून मशीन फॉरमॅट करणे. नेटवर्कची केबल काढा, पडद्याचा फोटो घ्या आणि तज्ज्ञ येईपर्यंत हात लावू नका. फॉरमॅट केले की पुरावा गेला, आणि चोर कोणत्या दाराने आला तेही कळत नाही.

करा: सहा तासांत सर्ट-इनला कळवा. ही मुदत घटना लक्षात आल्यापासून मोजतात. रजेच्या दिवशी कोण कळवणार, त्याचे नाव आधीच ठरलेले असू द्या. चुकून लिंक उघडली हे ज्या कर्मचाऱ्याने स्वतःहून सांगितले, त्याला नोटीस काढू नका. पुढचा कर्मचारी गप्प बसेल आणि ते सहा तास हातचे जातील.

टाळा: दारावर नुसते ‘तांत्रिक अडचण’ लिहिणे. तालुक्याहून एसटीने आलेल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. कोणती सेवा बंद आहे, कागदी अर्ज कोणत्या खिडकीवर घेतले जातील, शेवटची तारीख किती दिवसांनी पुढे ढकलली, हे मराठीत ठळक लिहा. आमच्या कार्यालयाच्या नावाने कोणी फोन करून ओटीपी मागितला तर देऊ नका, आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 या हेल्पलाइनवर कळवा, या दोन ओळीही त्याच कागदावर हव्यात.