पंडिता रमाबाईंचे मातृत्व : हक्क आणि संस्था

मराठी समीक्षेत मातृत्वाचा विचार बहुधा दोन टोकांवरून होतो. एकीकडे ‘श्यामची आई’ने (१९३५) दृढ केलेली त्यागमूर्ती, तर दुसरीकडे स्त्रीवाद्यांनी केलेला त्या मूर्तीचा निषेध. मूल वाढविणारी स्त्री ही निर्णय घेणारी व्यक्ती आहे, हे मात्र दोन्हीकडे निसटते. या दृष्टीने दौंड तालुक्यातील केडगाव येथे ‘मुक्ती’ ही संस्था उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) लेखन पुन्हा वाचावे लागते.

‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) या ग्रंथात अपत्यसंगोपन हे कर्तव्य म्हणून येते. ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’मध्ये (१८८७) पराधीन मातेची संततीही पराधीनच निपजते, असा युक्तिवाद आहे. दोन्ही ठिकाणी माता हे समाजोन्नतीचे साधनच राहते. त्या काळच्या सुधारकांना यात खटकण्यासारखे काही नव्हते.

ग्रंथांत न आढळणारी रमाबाई पत्रांत आढळते. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर लहानग्या मनोरमेला कोणती धर्मतत्त्वे शिकवावीत यावरून सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा वाद झाला. स्वतःच्या बुद्धीस न पटलेला त्रैक्याचा सिद्धान्त मुलीला पढविण्यास त्यांनी हरकत घेतली. विधवा, परदेशी आणि मठाच्या आश्रयास असलेली ही स्त्री तेथे वात्सल्याची नव्हे, अधिकाराची भाषा बोलते. मीरा कोसंबी यांनी रमाबाईंच्या कन्यात्वाचा व मातृत्वाचा एकत्र विचार केला आहे. परंतु मराठीच्या अभ्यासक्रमात हा धागा अद्याप उपेक्षितच आहे.

आणि तरीही प्रश्न येथे संपत नाही, किंबहुना येथूनच तो अवघड होतो. शारदासदनात रमाबाई व मनोरमा यांच्या प्रार्थनेस मुली येऊन बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी अंग काढून घेतले. पुढे १८९६–९७ आणि १९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत, गुजरात येथून आणलेल्या शेकडो मुली केडगावी वाढल्या. त्यांना अन्न, शिक्षण आणि छापखान्यासारखे व्यवसाय मिळाले. ही कामगिरी लहान नव्हे. परंतु त्यांचा धर्म संस्थेने ठरविला. १९०५ चे धार्मिक पुनरुज्जीवन येथलेच. आपल्या एका मुलीबाबत जेराल्डिनबाईंना जो हक्क रमाबाईंनी नाकारला, तो शेकडो मुलींबाबत त्यांनी स्वतः बजावला. संस्थात्मक मातृत्वाचा हा अंतर्विरोध भक्तांनी झाकला आणि टीकाकारांनी केवळ धर्मांतराच्या वादात बुडविला.

त्या मुलींच्या जन्मदात्या आयांचे म्हणणे पत्रांत नाही, असणारही नव्हते. अशा स्त्रियांचा आवाज कोणत्या साधनांत शोधावा? भीमेच्या उत्तरेस शिरूर तालुका लागतो. तेथील सविंदणे गावाच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या संकलनात आहेत. त्या बऱ्याच नंतरच्या, आणि दुष्काळपीडितांच्याही नव्हेत. पुरावा म्हणून त्या वापरता येणार नाहीत. परंतु जात्यावरची आई लेकीविषयी उदंड बोलते, आणि लेकीचे स्थळ, सासर, येणेजाणे ठरविणारे मात्र दुसरेच असतात. रमाबाईंच्या पत्रांशेजारी या ओव्या ठेवून पाहिल्या, तर माया आणि अधिकार यांतील अंतर शब्दाशब्दांत मोजता येईल.