घर ज्येष्ठांचे, आपल्यामागे कोणाचे?

प्रश्न : आम्ही शेवगावातले दहा-बारा निवृत्त लोक आहोत. कोणी झेडपीच्या शाळेत शिक्षक होते, कोणी एसटीत, कोणी साखर कारखान्यात. मुले पुण्याला, चाकणला, एकाचा मुलगा अमेरिकेत. वृद्धाश्रमात जायचे नाही. स्वतःचे घर, स्वतःची चूल आणि शेजार आपल्या वयाचा, एवढीच इच्छा आहे. शहरालगत जागा बघितली आहे, पंचवीसेक घरे होतील. नकाशावर आमचे एकमत आहे. अडते ते नियमांवर. आमच्यातले एक जण म्हणतात, आपण गेल्यावर घर मुलाच्या नावावर होणार, तो बायकापोरांसह राहायला येणार, आणि दहा-पंधरा वर्षांत ही इतर कॉलन्यांसारखीच एक कॉलनी होणार. इथे साठीच्या पुढच्यांनीच राहावे असा नियम कायद्यात बसतो का? आणि आणखी कोणते नियम आधीच ठरवून ठेवावेत?
– एक वाचक, शेवगाव

उत्तर : तुमच्या त्या सोबत्याने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. थोडक्यात सांगायचे तर असा नियम करता येतो. मात्र तो टिकेल की नाही, हे घरांची मालकी तुम्ही कोणाकडे ठेवता त्यावर ठरेल. म्हणून आधी मालकीचे बोलू.

आपल्याकडे ज्येष्ठांच्या निवासाच्या दोन वाटा रुळल्या आहेत. एक आश्रयाची. पुण्यातले ‘निवारा’ १८६३ पासून चालू आहे. १९९५ मध्ये राज्य सरकारने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यात तर प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे. दुसरी वाट विकासकाची : पुण्यात परांजपे स्कीम्सची ‘अथश्री’ संकुले, नेरळला डिग्निटी फाउंडेशनची वसाहत. केंद्र सरकारची २०१९ ची निवृत्तिगृहांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आणि महारेराची २०२४ ची नियमावली मुख्यतः ही दुसरी वाट समोर ठेवून लिहिली आहे. तुम्ही म्हणता ती तिसरी वाट, म्हणजे ओळखीच्या माणसांनी मिळून आपले संकुल उभारायचे. तिच्यासाठी तयार साचा नाही. तुमचा कायदा म्हणजे बहुतांशी तुमचेच उपविधी, म्हणून ते नीट लिहायला हवेत.

जागेचे प्लॉट पाडून प्रत्येकाने आपापले खरेदीखत केले, तर वयाची अट फार काळ तग धरणार नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १० प्रमाणे, घेणाऱ्याला मालमत्ता पुढे देण्यास पूर्ण बंदी करणारी अट रद्दबातल ठरते. आज शब्दाला जागणारी माणसे एकत्र आहेत. उद्या त्यांचे वारस एकमेकांना ओळखतही नसतील.

त्यापेक्षा सहकारी गृहनिर्माण संस्था करा. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण आले, तेव्हापासून अशी संस्था पाच जणांतही नोंदवता येते. तिचे दोन प्रकार तुमच्या कामाचे आहेत. भाडेकरू-मालकी संस्थेत जमीन संस्थेची आणि घर सभासदाचे. भाडेकरू-सहभागीदारी संस्थेत जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची. सभासदाकडे भाग आणि राहण्याचा हक्क. माझे मत स्पष्टपणे दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे. तिथे ‘घर कोणाचे’ आणि ‘घरात कोण राहणार’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवता येतात.

उपविधींनी सभासदत्वावर बंधन घालावे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेत फक्त पारशी सभासद, असा उपविधी होता. गुजरातच्या सहकार कायद्याखालच्या त्या प्रकरणात २००५ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला. स्वेच्छेने संस्थेत आलेल्याने तिचे उपविधी मान्य केलेले असतात, असा त्यामागचा विचार. वयाच्या अटीला या निकालाचा आधार घेता येईल. पण त्याच निकालाच्या आडोशाने ‘आपल्यातलीच माणसे घेऊ’ असे तुमच्या बैठकीत कोणी म्हणाले, तर तिथेच थांबवा. वयाच्या अटीला कारण आहे : गरजा सारख्या, दिवस सारखा, दुखणी सारखी. जात आणि धर्म बघून शेजारी निवडायला असे कोणतेही कारण नाही. पाटाच्या पाण्यावर आणि शाळेच्या बाकावर आयुष्यभर एकत्र काढलेल्या माणसांनी म्हातारपणी वेगळ्या गल्ल्या करू नयेत.

आता वारसांचे. त्यांचा पैसा बुडेल असा नियम करू नका. तो कोर्टात अडकेल आणि घरातही कटुता येईल. उपविधीत असे लिहिता येईल : सभासदाच्या मागे नामनिर्देशित व्यक्ती किंवा वारस यांचा आर्थिक हक्क कायम राहील. वारस स्वतः साठीचा असेल तर त्याने खुशाल राहावे. नसेल तर त्याने घर दुसऱ्या ज्येष्ठाला भाड्याने द्यावे किंवा ज्येष्ठ खरेदीदाराच्या नावे भाग हस्तांतरित करावेत किंवा संस्थेला परत द्यावे. मुदत दोन वर्षांची ठेवा, म्हणजे वारसदाखला आणि भावाबहिणींची बोलणी आटोपतात. परताव्याची किंमत कशी काढायची ते आजच सूत्रात लिहून टाका. घर भाड्याने दिल्यास संस्थेला बिनभोगवटा शुल्क घेता येते, पण सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर नाही. त्यामुळे ते शुल्क वाढवून वारसाला हुसकता येईल, असा मनसुबा धरू नका. हे सगळे नोंदणीआधी तालुक्याच्या सहायक निबंधकांना दाखवून आणि सहकार जाणणाऱ्या वकिलाकडून तपासून घ्या.

वयाची अट अगदी ताठरही नको. १९६० साली ॲरिझोनात ‘सन सिटी’ नावाची वसाहत सुरू झाली आणि अमेरिकेत फक्त वयस्कांच्या वसाहतींची लाट आली. मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारणे हा भेदभाव होतो का, यावर तिथे बरेच वाद झाले. शेवटी १९९५ च्या कायद्याने सूट दिली ती अशी : राहत्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत निदान एक जण पंचावन्नच्या पुढचा हवा. उरलेल्या घरांत जागा राहते ती आयुष्यातल्या अवघड प्रसंगांना. तुमच्याकडेही ती लागेल. आपल्या पिढीत नवराबायकोत सात-आठ वर्षांचे अंतर सर्रास आढळते. नवरा बासष्टाव्या वर्षी गेला आणि बायको चोपन्नची असली, तर नियमावर बोट ठेवून तिला बाहेर काढणार का? जोडीदाराला तहहयात राहण्याचा हक्क, मग वय काहीही असो, हे पहिल्या पानावर लिहा. अपंग मुलगा किंवा एकटी राहिलेली मुलगी आईवडिलांवर अवलंबून असेल, तर त्यांचाही विचार तिथेच करा.

यानंतरचा विषय बैठकीत सगळे टाळतात. संकुल ‘स्वतंत्र’ राहणाऱ्यांचे आहे. पण सत्तरीत स्वतंत्र असलेला माणूस ब्याऐंशीत तसाच राहील असे नाही. खुब्याचे हाड मोडते, अर्धांगाचा झटका येतो, विसरभोळेपणा वाढत जाऊन गॅस चालू राहतो. तेव्हा कोणी काय करायचे? नियम नसेल तर शेजारी कुजबुजतात, समिती टाळाटाळ करते आणि मुलाला फोन जातो तो अपघात झाल्यावर. माझ्या मते नियमाची सुरुवात मदतीने व्हावी : मदतनीस ठेवण्याचा प्रत्येकाला हक्क, तिच्या मुक्कामाची सोय घरातच, पोलिसांकडे तिची नोंद संस्थेमार्फत. एवढ्याने भागत नसेल आणि स्वतःला किंवा शेजाऱ्यांना धोका असेल, तेव्हाच पुढची पायरी. आणि तो निर्णय एकट्या अध्यक्षाचा नको. डॉक्टरांचे लेखी मत, त्या माणसाने स्वतः आधी सुचवून ठेवलेली व्यक्ती आणि दोन सभासद असे मिळून ठरवावे. घर सोडावे लागले तरी काही महिने ते त्याच्याच नावाने राखून ठेवावे. माणूस बरा होऊन परतही येतो.

इथे कायद्यातली एक खाच लक्षात ठेवा. बरेच जण मुलाला कुलमुखत्यारपत्र देतात आणि निश्चिंत होतात. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याचे मानसिक भान गेले की ते अधिकार संपतात. म्हणजे स्मृतिभ्रंश झाला, मुलाला बँकेत सही करायची वेळ आली, आणि नेमका तेव्हाच तो कागद निरुपयोगी होतो. म्हणून खाते दोघांच्या नावे, कोणाही एकाला चालवता येईल असे ठेवा. अखेरच्या उपचारांविषयीची इच्छा लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम होते. प्रत्येक घराचा एक कागद संस्थेच्या कपाटात असावा : किल्ली कोणाकडे, फोन कोणाला, कोणती औषधे, कोणता दवाखाना. मुलगा अमेरिकेत आहे त्या गृहस्थांसाठी तर तो फारच महत्त्वाचा, कारण मुलगा विमानात बसेपर्यंतचे सगळे निर्णय शेजाऱ्यांनाच घ्यावे लागणार आहेत.

पैशाचा नियम तुमच्या गटात विशेष नाजूक आहे. निवृत्त शिक्षकाची पेन्शन आणि कारखान्यातून किंवा एसटीतून निवृत्त झालेल्याची पेन्शन यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कारखाना-एसटीतल्यांना लागू असलेल्या ईपीएस-९५ योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. आदर्श उपविधींप्रमाणे सेवा शुल्क प्रत्येक घराला सारखेच पडते, ते ऐपतीवर ठरवता येत नाही. तेव्हा समाईक खर्चच आटोपशीर ठेवा : पाणी, राखणदार, रस्त्यावरचे दिवे, सफाई. डबा, गाडी, फिजिओथेरपी हे ज्याने वापरले त्याने द्यावे. सक्तीचे जेवण नकोच. उपास-तापास, पथ्य आणि सामिष-निरामिष यांवरून चांगली माणसे दुरावतात, म्हणून प्रत्येकाची चूल वेगळी राहू द्या. सुरुवातीला प्रत्येकाकडून एक ठेव घेऊन दुरुस्तीचा निधी करा. कोणाचे शुल्क थकले तर त्या निधीतून उसने भरून ते पुढे भागांच्या किमतीतून वळते करता येईल, अशी सोयही असावी. पाणी तोडणे हा उपाय ज्येष्ठांच्या संकुलात कधीच नको.

बांधकामाचे थोडक्यात. महारेराच्या २०२४ च्या नियमांत दरवाजे किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन फूट रुंद हवेत. न्हाणीघरालाही तेच माप द्या, कारण अडीच फुटी दारातून चाकाची खुर्ची सहज जात नाही. महारेराच्या नोंदणीतून सूट ५०० चौरस मीटर जागेपर्यंत किंवा आठ घरांपर्यंतच असते. पंचवीस घरांना नोंदणी लागेल असे धरून चाला, आणि सभासदांसाठी बांधणारी सहकारी संस्थाही कायद्याच्या व्याख्येत प्रवर्तकच आहे. पुण्यात मजले चढवावे लागतात, तुम्हाला बैठी घरे परवडतील. लिफ्ट आणि तिची वीज दोन्ही वाचतील. मात्र काळ्या जमिनीत जोते उंच घेण्याची आपल्याकडे रीत आहे. दोन फूट जोत्याला एकास बाराच्या उताराने चोवीस फूट लांब रॅम्प लागतो. तो नकाशात आज दाखवला नाही, तर उद्या अंगणात मावणार नाही. नळाला रोज पाणी येईल असे गृहीत धरू नका. समाईक टाकी आणि प्रत्येक घरापर्यंत पाइप हवा. सत्तरीनंतर कोणालाही हंडे-बादल्या उचलाव्या लागू नयेत.

जागा शक्यतो एसटी स्टँडपासून रिक्षाच्या टप्प्यात घ्या. राज्यात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढे एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धे तिकीट. अहिल्यानगरच्या मोठ्या दवाखान्यात जायचे तर साठ-पासष्ट किलोमीटर अंतर आहे. शहराबाहेरचा प्लॉट स्वस्त मिळतो, पण पुढे प्रत्येक तपासणीला जीप ठरवावी लागली तर ती बचत दोन-चार वर्षांत संपते. रात्री-अपरात्रीसाठी रुग्णवाहिका १०८ आणि ज्येष्ठांची मदतवाहिनी १४५६७ हे क्रमांक प्रत्येक घरात दाराशेजारी मोठ्या अक्षरात लावा.

आणखी एक सावधगिरी. संकुलात घर घेण्यासाठी कोणी शेत किंवा गावातले घर मुलाच्या नावे करून देणार असेल, तर बक्षीसपत्रात ‘मुलाने आमचा सांभाळ करावा’ ही अट स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या कायद्याचे कलम २३ त्या अटीच्या आधारावर चालते. मुलाने ती मोडली, तर प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरील न्यायाधिकरणाकडे ते हस्तांतरण रद्द करून मागता येते.

राहिला पाहुण्यांचा नियम. विकासकांच्या संकुलांचे अनुकरण करून तुम्हीही दिवसांची मर्यादा घालाल. ती घाला, पण उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी तिच्यातून वगळा. नातवंडांसाठी सायकली ठेवायला जागा, एक झोका, संध्याकाळी खेळायला मोकळे अंगण एवढे नकाशात असू द्या. बाळंतपणाला आलेली लेक, आजारपणात आलेला मुलगा यांचे दिवस मोजू नका. समितीला फक्त कळवावे, परवानगी मागायला लावू नये. पुढच्या बैठकीत नकाशा बाजूला ठेवून आधी तीन कलमे मराठीत लिहून काढा : जोडीदाराचा हक्क, वारसाची मुदत आणि परताव्याचे सूत्र. त्यांवर सगळ्यांच्या सह्या झाल्या की मग इंजिनिअरला बोलवा.