गाडीत अडकलात तर? किल्लीच्या जुडग्यातले छोटे हत्यार



२०२० च्या दिवाळीत आमच्या ह्यांनी दोन्ही गाड्यांसाठी एकेक छोटे उपकरण आणले. अंगठ्याहून थोडे मोठे, किल्लीच्या जुडग्यात अडकवायचे. एका टोकाला काच फोडणारी पिन, दुसऱ्या बाजूला सीट बेल्ट कापायचे पाते. मी "बरं" म्हटले आणि माझे ग्लव्ह बॉक्समध्ये इन्शुरन्सच्या कागदांखाली टाकून दिले.

१ सप्टेंबर २०२१ ची रात्र न्यू जर्सीत कोणी विसरणार नाही. आयडा वादळाच्या पावसाने राज्यात ३० जणांचा बळी घेतला. त्यांतले बरेचजण गाडीतून प्रवास करत होते. त्या रात्री मी सासूबाईंना घेऊन गणेशोत्सवाच्या तयारीच्या बैठकीहून परतत होते. रेल्वेच्या पुलाखाली रस्ता खोलगट आहे. पुढची गाडी पार झाली म्हणून मीही घातली, आणि मध्यावर इंजिन बंद पडले. पाणी दाराला लागले. मी पर्समध्ये फोन शोधू लागले, तेवढ्यात मागून आई म्हणाल्या, "अगं, फोन राहू दे. आधी काचा खाली कर!"

आई २६ जुलै २००५ ला कुर्ल्यात होत्या. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि बंद गाडीत अडकून माणसे दगावल्याच्या बातम्या त्यांच्या डोक्यात पक्क्या बसल्या होत्या. काचा उतरल्या. मदतीला आलेल्या दोन मुलांनी आईंना खिडकीतून बाहेर काढले, मागोमाग मी. पाणी कमरेपर्यंत होते. उपकरण ग्लव्ह बॉक्समध्येच राहिले!

नंतर चौकशी केली तेव्हा कळले की ते हाती असते तरी माझ्या शेजारची काच फुटली नसती. म्हणून हा लेख.

काचा दोन प्रकारच्या

टेम्पर्ड काच टोकदार घाव बसताच बारीक तुकडे होऊन गळून पडते. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो. तिला तडे जातात, पण ती जागची हलत नाही. पुढची मोठी काच नेहमी लॅमिनेटेडच असते. अपघातात माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून अलीकडे बऱ्याच गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशा येतात. ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१९ साली सहा उपकरणे तपासली. चार उपकरणांनी टेम्पर्ड काच फोडली, लॅमिनेटेड मात्र एकानेही नाही. स्प्रिंगची उपकरणे हातोडीपेक्षा सरस ठरली. पाण्याखाली हातोडी जोराने फिरवताच येत नाही. स्प्रिंगचे नुसते दाबायचे असते.

आजच बाहेर जाऊन प्रत्येक खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरे वाचा. तिथे बहुधा प्रकार लिहिलेला असतो. माझ्या गाडीत पुढच्या दोन लॅमिनेटेड, मागच्या दोन टेम्पर्ड निघाल्या. म्हणजे आमची सुटकेची खिडकी मागची!

दार का उघडत नाही?

एक मीटर रुंद दाराला बाहेरून अर्धा मीटर पाणी लागले आणि आत कोरडे असले, तर दारावर सुमारे १२५ किलो वजनाइतका जोर येतो. दाराशी झटापट करण्यात वेळ घालवू नये. गाडी तरंगते ती साधारण अर्धा ते दोन मिनिटे. विजेवरच्या काचा पाण्यात पडल्यावरही बहुधा थोडा वेळ चालतात, म्हणून बटण आधी आणि हत्यार नंतर.

क्रम पाठ करा

१. सगळ्यांचे बेल्ट सोडा. बटण अडकले तरच पट्टा ताणून तिरका कापा.
२. काच खाली करा. उतरली नाही तर टेम्पर्ड काचेच्या कोपऱ्यावर, तोंड फिरवून, उपकरण घट्ट दाबा.
३. मुलांना सोडवताना मोठ्याला आधी सोडवा, म्हणजे ते धाकट्यांना मदत करते.
४. खिडकीतून बाहेर पडा. फोन बाहेर आल्यावर.

उपकरण ठेवायचे कुठे?

बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत किल्ली पर्सच्या तळाशी असते, तेव्हा जुडग्यातले उपकरण वेळेला सापडत नाही. त्यापेक्षा बेल्ट लावून बसल्या जागी हात पोचेल असे टांगा. मागच्या सीटसाठी वेगळे घ्या. किल्ली फिरवायची गाडी असेल तर जुडगा हलका ठेवा. २०१४ साली जनरल मोटर्सने सदोष इग्निशनच्या गाड्या परत बोलावल्या, तेव्हा जुडग्यातले सगळे काढून फक्त किल्ली वापरा असे सांगितले होते. आणि भारतात जाताना हे पात्याचे उपकरण हँडबॅगेत राहून गेले नाही ना, तेही बघा.

सगळ्यांत स्वस्त उपाय मात्र वेगळाच आहे. फूटभर वाहते पाणी बहुतेक लहान गाड्या वाहून नेऊ शकते. रस्त्यावर पाणी दिसले तर गाडी वळवा. पुढचा गेला म्हणून आपण जाऊ नये, हे मी अनुभवाने सांगते.

या रविवारी गाडी दारात उभी करून घरातल्या सगळ्यांना आत बसवा आणि हा क्रम एकदा करून बघा. आजी-आजोबांना बेल्टचे बटण स्वतः दाबायला लावा. आमच्या आईंना ते दोन महिन्यांनी जमले. आता गाडीत बसल्या की त्याच मला विचारतात, "उपकरण जागेवर आहे ना गं?"