व्रणचिकित्सेतील मक्षिकाकृमी : एक अभ्यास

पावसाळ्यात मधुमेही रुग्णाच्या पायाची पट्टी सोडावी आणि व्रणात वळवळणाऱ्या अळ्या दिसाव्यात, हा प्रसंग ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना नवीन नाही. आताशा मात्र रुग्णाचा शिकलेला मुलगा विचारतो, "परदेशात याच अळ्यांनी जखमा बऱ्या करतात ना?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपणापाशी असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुश्रुतसंहितेत या विषयाचे दोन उल्लेख लक्षणीय आहेत आणि वरवर पाहता ते परस्परविरुद्ध वाटतात. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात, माशांनी व्रणात कृमी सोडले असता दारुण शोथ, तीव्र वेदना व रक्तस्राव होतो असे सांगून सुरसादि गणाने व्रणधावन आणि सप्तपर्ण, करंज, अर्क, निंब आदींच्या गोमूत्रात वाटलेल्या सालींचा प्रयोग सांगितला आहे. व्रणावर मांसाचा तुकडा ठेवून कृमी बाहेर ओढून घेण्याची युक्तीही तेथेच आहे. याउलट अठराव्या अध्यायात अर्बुदावर पावटा, पेंड व कुळीथ यांचा कल्क भरपूर मांस व दह्याची निवळ घालून लावावा, म्हणजे त्यावर माश्या बसून कृमी उत्पन्न होतील, असे सांगितले आहे. कृमींनी अर्बुद खाऊन अल्प उरले की लेखन व नंतर अग्निकर्म करावे. आमच्या मते यात विरोध नाही. पहिले कृमी अनाहूत आहेत, दुसरे वैद्याने हेतुपुरस्सर बोलावलेले. आणि तेथेही त्यांच्याकडे काम आहे ते दुष्ट मांस काढण्याचे, रोपणाचे नव्हे.

आधुनिक काळात या विषयाला चालना दिली ती अमेरिकन अस्थिशल्यतज्ज्ञ विल्यम बेअर यांनी. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, सात दिवस रणांगणावर पडून राहिलेले दोन जखमी सैनिक त्यांनी पाहिले. जखमा अळ्यांनी भरलेल्या, पण ज्वर नाही आणि अळ्या काढताच खाली लालसर, निरोगी मांसांकुर. पुढे बाल्टिमोर येथे अस्थिमज्जाशोथाच्या बालरुग्णांवर त्यांनी हा प्रयोग केला. परंतु काहींना धनुर्वात झाला, तेव्हा अळ्या निर्जंतुक करण्याची पद्धत त्यांना शोधावी लागली. हा तपशील सहसा कोणी सांगत नाही. आम्हाला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रतिजैविके आली तशी ही पद्धत मागे पडली. पुढे ती पुन्हा वापरात येऊन २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने तिला मान्यता दिली.

यासाठी वापरतात ती ल्युसिलिया सेरिकाटा ही हिरवी चकचकीत माशी. तिची अळी पाचक रस बाहेर सोडून मृत मांस द्रवरूप करते व शोषून घेते. तिच्या स्रावातील अमोनियामुळे व्रण क्षारधर्मी होतो. १९३५ मध्ये रॉबिन्सन यांना त्यात ॲलँटोइन हे द्रव्यही आढळले. २०१० मध्ये प्राग येथील संशोधकांनी ल्युसिफेन्सिन हे ४० ॲमिनो आम्लांचे जिवाणुनाशक पेप्टाइड या अळीतून वेगळे केले. ते स्टॅफिलोकोकससारख्या ग्राम-धन जिवाणूंवर कार्य करते, ग्राम-ऋण जिवाणूंवर मात्र करीत नाही. मधुमेही पायात वारंवार भेटणारा स्यूडोमोनास ग्राम-ऋण आहे, हे ध्यानात ठेवावे.

इंग्लंडमध्ये पायाच्या जुनाट व्रणांच्या २६७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. अळ्यांनी व्रणशोधन लवकर झाले, पण व्रण भरून येण्याचा काळ कमी झाला नाही, जिवाणूंचे प्रमाणही विशेष घटले नाही आणि वेदना अधिक झाल्या. शोधन होय, रोपण नाही : सुश्रुताचार्यांच्या अर्बुदचिकित्सेतील क्रमाशी हे जुळते. मात्र यावरून आचार्यांना ल्युसिफेन्सिन ठाऊक होते, असे म्हणणे अतिरेक होईल.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. आपल्याकडील व्रणात आपोआप पडणाऱ्या अळ्या निर्जंतुक नसतात, त्यांची जातही ठाऊक नसते. क्रायसोमिया बेझ्झियाना या आपल्या देशात आढळणाऱ्या माशीची अळी तर जिवंत मांस खात आत शिरते. म्हणून अशा अळ्या व्रणात राहू देऊ नयेत. टर्पेंटाइन तेलाचा बोळा ठेवून त्या वर आल्या की चिमट्याने एकेक काढाव्यात, व्रणाचे कोपरे तपासावेत, धनुर्वाताची लस झाली आहे का ते विचारावे. रक्तशर्करा पाहावी, आणि शलाका अस्थीला लागत असेल तर रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.