वाकळीच्या काठाला कापड किती?

प्रश्न : जुन्या लुगड्यांची ६० बाय ९० इंची वाकळ शिवली. चहूबाजूंनी ४ इंची काठ लावायचाय. घेर ३०० इंच. मग पावणेआठ मीटर कापड आणू का?
– एक वाचक, धर्माबाद

उत्तर : नाही ताई, इतकं लागत नाही. पन्ह्यातून आडव्या पट्ट्या कापून जोडायच्या. कोपरे धरून लांबी ३१६ इंच होते. ४२ इंची पन्ह्याच्या ८ पट्ट्या पुरतात. शिलाईसह रुंदी ५ इंच, म्हणजे ४० इंच कापड. सुती कापड आटतं, म्हणून सव्वा मीटर घ्या. धुऊन, रंग जातो का पाहून मगच कापा. वाकळ मधोमध मोजा, कडा ताणलेल्या असतात. धड नऊवारी घरात असेल, तर तिच्या ३२४ इंच लांबीत काठ निघतो. विकतचं कापड नको.